मायना हरवलेली पत्रे

दिवाळी तोंडावर आली, की हल्ली दारातली टपालपेटी रिकामी राहते आणि ई-मेलची पेटी मात्र शुभेच्छांनी ओसंडून वाहू लागते. हलत्या पणत्या, उडते भुईनळे, लाडवांची ताटे – सारे काही पडद्यावर! (मधुमेही मंडळींची त्यात मोठीच सोय.)

भुईनळ्यांवरून आठवले. जानेवारी १९९९ मध्ये 'हॅपी ९९' नावाची एक फाइल ई-मेलमधून जगभर फिरली. उघडली, की पडद्यावर सुरेख आतषबाजी होई. आणि माणूस ती पाहण्यात गुंग असताना फाइल संगणकात मुक्काम ठोकी व त्याने पुढे धाडलेल्या पत्रांमागोमाग आपली प्रत गुपचूप रवाना करी. नासधूस अशी तिने फारशी केली नाही. २००७ सालच्या 'स्टॉर्म'ची गोष्ट निराळी. 'आपल्या कुटुंबीयाकडून शुभेच्छापत्र आले आहे,' अशा अर्थाची त्याची इंग्रजी पत्रे घरोघर गेली. त्यातला दुवा दाबून आलेली फाइल चालवली, की संगणक परक्याच्या हुकमतीत जाई.

मी कॉलेजात मराठी शिकवतो. माझी नजर आधी मायन्यावर जाते. 'कुटुंबीयाकडून' म्हणजे कोणाकडून हो? आत्याकडून, की मेव्हण्याकडून? आपल्याकडे साधे खुशालीचे कार्ड लिहितानाही तीर्थरूप कोण, चिरंजीव कोण, हे ठरल्याशिवाय लेखणी पुढे सरकत नसे. ज्याला ना आपले नाव ठाऊक, ना स्वतःचे सांगवत, त्याच्या शुभेच्छा घेऊन करायचे काय? असले पत्र सरळ टोपलीत टाकावे.

पण नाव असले म्हणजे भागले, असेही नाही. आमच्या इमारतीतल्या एका निवृत्त गृहस्थांना गेल्या वर्षी मोबाइलवर लग्नपत्रिका आली, ती खुद्द भाच्याच्या नंबरावरून. फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' अशी अक्षरे होती. पत्रिका म्हणजे चित्र किंवा पीडीएफ. एपीके म्हणजे फोनमध्ये ठाण मांडणारे ॲप! त्याने मेसेज वाचण्याची परवानगी मागितली, यांनी दिली, आणि बँकेचे ओटीपी परस्पर चोराकडे जाऊ लागले. भाच्याचा फोन आधीच त्याच मार्गाने गेलेला. काकूंच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी ठेवलेले पैसे गेले.

त्याहून वाईट म्हणजे, काका तीन दिवस गप्प राहिले. जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासलेला माणूस. लाज वाटली त्यांना. त्याच घटकेला १९३० या सरकारी क्रमांकावर कळवले असते, तर पैसे वाटेतच अडवले जाण्याची आशा होती. पुढे मुलाने त्यांच्यावर तोंड टाकले, ते मला मुळीच पटले नाही. घरात असा भडका उडणार हे ठाऊक असते, म्हणून तर वडीलधारी माणसे बोलत नाहीत.

तेव्हा यंदा आकाशकंदील टांगता टांगता त्यांना एवढे सांगून ठेवा: फाइल आली, तर आधी पाठवणाऱ्याला फोन करा, त्याचा आवाज ऐका. चुकून उघडलीच, तर त्या फोनचे इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० ला कळवा, आणि रात्रीचे दोन वाजले असले तरी आम्हाला उठवा. कोणी रागावणार नाही.