दैव नव्हे, चार बोल्ट!

‘दैव बलवत्तर म्हणून वाचले!’ हे वाक्य कानी पडले की माझे पित्त खवळते. वाचकहो, फराळाचे ताट पुढ्यात असताना हा विषय काढतो आहे, क्षमा असावी. पण परगावची मुलेबाळे आता दिवाळीला विमानाने घरी येतात. तेव्हा विषय घरचाच आहे.

५ जानेवारी २०२४ ची गोष्ट. अमेरिकेतल्या पोर्टलंडहून अलास्का एअरलाइन्सचे बोइंग ७३७ मॅक्स ९ उडाले. सुमारे १५,००० फुटांवर, जादा दाराच्या जागी बसवलेले झाकण निखळून खाली गेले. भिंतीला भगदाड! त्याला लागून असलेल्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. पुढच्या रांगेतल्या एका मुलाच्या अंगातला सदरा वाऱ्याने ओरबाडून नेला. पण १७७ जणांपैकी एकही दगावला नाही.

याला म्हणे चमत्कार! चमत्कार कसला डोंबलाचा? चौकशीत निघाले ते असे : कारखान्यात शेजारचे रिव्हेट दुरुस्त करायला ते झाकण उघडले, परत लावताना त्याला जागेवर धरणारे चार बोल्ट बसवलेच नाहीत. झाकण उघडल्याची नोंदच नाही. मग तपासणार कोण आणि काय? आमचा सुतारसुद्धा दार चढवले की बिजागरीचे स्क्रू मोजतो!

दैवावर हवाला ठेवल्याने काय होते, तेही ऐका. १२ जून १९७२ रोजी कॅनडातील विंडसरवर एका डीसी-१० विमानाचे मालकोठीचे दार उडाले. वरची जमीन खचली, सुकाणूच्या तारा निकामी झाल्या. कॅप्टन मॅकॉर्मिक यांनी इंजिनांचा जोर कमीजास्त करून विमान डेट्रॉइटला उतरवले. ६७ जण वाचले. हेही दैव नव्हे. तसा सराव त्यांनी आधी केला होता.

पंधराच दिवसांनी ॲपलगेट नावाच्या अभियंत्याने आपल्या वरिष्ठांना लेखी बजावले, की ही दारे पुन्हा उघडतील आणि विमाने जातील. पण सरकारी सक्तीचा हुकूम निघालाच नाही. अधिकारी आणि कारखानदार यांच्यात तोंडी समझोता झाला. ३ मार्च १९७४ रोजी पॅरिसजवळ टर्किश एअरलाइन्सच्या डीसी-१० चे तेच दार उडाले. ३४६ माणसे गेली! त्या विमानाच्या कागदांवर मात्र दुरुस्ती झाल्याचे शिक्के होते.

कोणी म्हणेल, विमानप्रवास आज फार सुरक्षित आहे. मान्य! पण तो नवसाने सुरक्षित झालेला नाही. प्रत्येक अपघाताची उलटतपासणी करणाऱ्या खाष्ट माणसांनी तो तसा केला आहे. ज्या दिवशी आपण ‘थोडक्यात निभावले’ म्हणून हात जोडून मोकळे होतो, त्या दिवशी पुढल्या अपघाताची पायाभरणी होते. थोडक्यात निभावणे म्हणजे माफी नव्हे. ती नोटीस आहे.

तेव्हा पोरे सुखरूप आली की देवापुढे नारळ जरूर फोडा. पण कुठे चमत्कार झाल्याचे ऐकलेत, तर आधी एवढे विचारा : बोल्ट कुठे आहेत?