गोळी दिली म्हणजे शुश्रूषा झाली काय?

मानसिक आजार असलेल्या माणसाच्या घरी जाऊन विचारपूस केली की बहुधा एकच उत्तर मिळते : 'गोळ्या चालू आहेत, फादर.' एवढ्यावर विषय संपतो. मधुमेह्याच्या घरी असे कधी घडत नाही. तेथे साखर किती, पथ्य कोणते, पायाची जखम भरली की नाही, याची सविस्तर चर्चा होते. मनाच्या आजाऱ्याबाबत मात्र गोळी पोटात गेली की घराचे, दवाखान्याचे आणि, स्पष्टच लिहावयाचे तर, धर्मग्रामाचेही कर्तव्य संपले असे सर्वांनी ठरवून टाकले आहे. या समजुतीशी आमचे भांडण आहे.

या औषधांना आम्ही कमी लेखत नाही. १९४९ साली ऑस्ट्रेलियात डॉ. जॉन केड यांनी लिथियमचा गुण दाखवून दिला आणि १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिनचा उपयोग सुरू झाला. तोवर कोंडून ठेवणे हाच बहुतेकांचा उपचार होता. औषधांनी ती दारे उघडली. परंतु दारे उघडल्यावर शुश्रूषेची जागा बदलली, ही गोष्ट कोणी ध्यानात घेतली नाही. येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची क्षमता २५४० खाटांची आहे. तेथे रोगी असेपर्यंत परिचारिकेची नजर त्याच्यावर असते. तोच रोगी महिन्याभराच्या गोळ्या आणि एक कागद घेऊन ताम्हिणीच्या बाजूला किंवा मुठा खोऱ्यात परत येतो, तेव्हा त्या परिचारिकेचे सारे काम त्याच्या आईवर किंवा भावजयीवर येऊन पडते. तिला ते कोणी शिकविलेले नसते.

न शिकविल्याचे परिणाम काय होतात ते पाहा. हॅलोपेरिडॉलसारखे औषध नव्याने सुरू केल्यावर पहिल्या काही दिवसांत एखाद्या तरुणाची मान अचानक एका बाजूला वळते, जबडा आवळतो, बुबुळे वर चढून तेथेच खिळतात. हा औषधाचा ठाऊक असलेला दुष्परिणाम आहे. योग्य इंजेक्शनाने तो थोड्या वेळात उतरतो. पण घरात काय म्हटले जाते? 'अंगात आले.' मग कोणी देवऋष्याकडे धावतो, कोणी पवित्र पाण्याची बाटली घेऊन आमच्याकडे येतो. या दोन धावण्यांत रोग्याच्या दृष्टीने फारसा फरक नाही, हे लिहिताना आम्हांला संकोच वाटत नाही. दुसरा एखादा रोगी औषधामुळे एका जागी बसूच शकत नाही. पाय सतत हलतात, तो रात्रभर पडवीत येरझारा घालतो. घरचे समजतात, वेड वाढले. आणि स्वतःच्या मनाने एक गोळी जास्त देतात. म्हणजे ज्या औषधाने तो तळमळतो तेच त्याला अधिक पाजतात. अंग लाकडासारखे ताठ होऊन भरमसाट ताप चढला, तर मात्र घरी थांबण्यात प्राणाचा धोका असतो. त्याच क्षणी रुग्णालय गाठले पाहिजे.

लिथियमची कथा तर आपल्या मुळशीसाठीच सांगितली पाहिजे. या औषधाची उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे. शरीरातील पाणी आणि मीठ घटले की मूत्रपिंडे लिथियम बाहेर टाकीनाशी होतात व ते रक्तात साचते. उन्हाळ्यात राब भाजताना घामाने निथळणारा शेतकरी, जुलाब लागलेले पोर, लावणीनंतर कंबर धरली म्हणून दुकानातून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन आणून खाणारी बाई, या सर्वांना हा धोका आहे. उपवासकाळात भक्तिभावाने पाणीही न पिणारी आमची माणसे याच यादीत येतात. आजाऱ्याला उपवासातून सूट असते हे ठाऊक असूनही ती घेण्याची त्यांना लाज वाटते. लिथियम वाढले की हात जोराने थरथरतात, जीभ अडखळते, चालताना झोकांड्या जातात. असा माणूस पौडच्या रस्त्याने चालला तर लोक म्हणतील, 'सकाळीच चढवून आला.'

हे ओळखणे, वेळेवर सांगणे, रक्त तपासून घेणे, झोप, वजन, शौच यांची नोंद ठेवणे, याला शुश्रूषा म्हणतात. क्लोझापिन घेणाऱ्याला ताप आला किंवा घसा दुखू लागला तर रक्तातील पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात. त्याचे शौच दिवसेंदिवस अडले तरी तेही जिवावर बेतू शकते. नैराश्यावरील गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत रोग्याला एकटे सोडू नये. यांतले कोणते ज्ञान विवाहपूर्व शिबिरात, माता संघटनेत किंवा युवक मेळाव्यात दिले जाते? फुलांच्या आराशीसाठी वर्गणी मात्र ठरल्या दिवशी जमा होते.

आता त्या प्रवचनकारांकडे वळू, जे प्रार्थनासभेत डोक्यावर हात ठेवून 'तुला आरोग्य मिळाले, गोळ्या टाकून दे' असे सांगतात. पुष्कळदा रोगी काही आठवडे बरा राहतो, कारण औषधाचा अंमल आणि आजाराची ओहोटी लगेच सरत नाही. तेवढ्या अवधीत साक्ष देऊन होते. पुढे तो कोसळतो तेव्हा प्रवचनकार दुसऱ्या गावी गेलेले असतात आणि दोष रोग्याच्या अल्पविश्वासावर येतो. बेन सिराच्या ग्रंथातील अडतिसावा अध्याय वैद्याचा मान राखण्याविषयी आहे. तो या मंडळींनी उघडून वाचावा. प्रार्थना करावी, जरूर करावी, पण गोळी देण्याची वेळ टळू न देता.

चोरून डाळीत गोळी चुरून घालणाऱ्या आईविषयी आम्ही कठोर लिहिणार नाही. तिच्यापुढे दुसरा मार्ग कोणी ठेवलेला नसतो. तरी हे सांगणे भाग आहे की, जेवणात विष घालतात असा भास ज्याला होतो, त्याला एके दिवशी डाळीत खरोखरच गोळी सापडली तर तो आईवर पुन्हा विश्वास कसा ठेवील? शिवाय अर्धी डाळ टाकली तर किती औषध पोटात गेले, हे डॉक्टरांनाही कळत नाही. अशा वेळी महिन्यातून एकदा किंवा दोनदा घ्यावयाच्या लांब अंमलाच्या इंजेक्शनांविषयी डॉक्टरांना मोकळेपणी विचारावे.

'हे सरकारचे काम आहे' असा आक्षेप येईल. आहेच. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली संमत झाला, २९ मे २०१८ पासून अंमलात आला. त्याने प्रत्येकाला या सेवेचा हक्क दिला, प्राथमिक पातळीपर्यंत ती पोचविण्याचे बंधन सरकारवर घातले आणि आपल्या उपचारांची व त्यांच्या दुष्परिणामांची माहिती मिळण्याचा अधिकारही रोग्याला दिला. म्हणून कायद्याचे नाव घेऊन ग्रामीण रुग्णालयात जा आणि औषधे कोणत्या वारी मिळतील, ते लेखी मागा. १९२१ साली धरणाविरुद्ध सत्याग्रह केलेला हा तालुका आहे. अर्ज लिहायला त्याने कचरू नये. सल्ल्यासाठी १४४१६ या टेली मानसच्या क्रमांकावर मराठीत बोलता येते.

पण सरकारी परिचारिका आली तरी ती रोज येणार नाही. बेल्जियममधील गील या गावी संत डिम्फ्ना यांच्या मंदिराला येणाऱ्या मनोरुग्णांना सामान्य कुटुंबे मध्ययुगापासून आपल्या घरी ठेवून घेत आली. ती काही वैद्यांची घरे नव्हेत. परिचारिकांचे आश्रयदाते संत जॉन ऑफ गॉड यांना तर ग्रॅनाडाच्या रुग्णालयात वेडा म्हणून स्वतः फटके खावे लागले होते. तेथून बाहेर पडल्यावर त्यांनी आजाऱ्यांची सेवा आरंभिली. आपल्यात निवृत्त परिचारिका आहेत, नर्सिंग शिकलेल्या धर्मभगिनी आहेत. त्यांनी महिन्यातून एक रविवार मिस्सानंतर तासभर बसून या घरांना शिकविले, तर कोणता खर्च येणार आहे?

आणि लिथियमच्या तपासणीचे रक्त रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घेण्यापूर्वी द्यावे लागते. म्हणजे खोऱ्यातल्या माणसाने सकाळची गोळी खिशात ठेवून एसटी पकडावयाची, सारे पुणे शहर ओलांडून येरवड्याला पोचावयाचे आणि वेळ साधावयाची. त्याच्याबरोबर त्या दिवशी कोण जाणार, एवढे नाव येत्या सभेत कार्यवाहांनी वहीत लिहून घ्यावे.