हात विसरले की विसरवले?

विमान कोसळले की दुसऱ्याच दिवशी मथळा येतो: वैमानिकाची चूक. वैमानिक बहुधा त्याच विमानात मेलेला असतो, तो काय उत्तर देणार? ऑक्टोबर 2018 मध्ये लायन एअरचे बोइंग 737 मॅक्स जाकार्ताहून उडून समुद्रात पडले, 189 माणसे गेली. मार्च 2019 मध्ये इथिओपियन एअरलाइन्सचे तसेच विमान पडले, 157 गेली. लगेच अमेरिकेतले काही शहाणे म्हणू लागले, आमचा पायलट असता तर त्याने वाचवले असते. इंडोनेशियाचे, इथिओपियाचे पायलट म्हणजे नुसते बटणे दाबणारे! हा सूर आपल्या वाचकांना अनोळखी नाही.

वस्तुस्थिती अशी की एमकॅस नावाची यंत्रणा एकाच सेन्सरच्या भरवशावर विमानाचे नाक पुन्हा पुन्हा खाली दाबत होती. लायन एअरच्या वैमानिकांना तिचे नावही सांगितलेले नव्हते. इथिओपियाच्या वैमानिकांनी सांगितल्याप्रमाणे वीज तोडली, पण वेग एवढा वाढला होता की ट्रिमचे चाक हाताने फिरेना.

तरीही हाताची सवय तुटली आहे, हे खरे आहे. आपल्यासारख्यांची बाजू घ्यायची म्हणून ते नाकारण्यात अर्थ नाही. मात्र ती पॅरिसलाही तुटली आहे. 1 जून 2009 रोजी एअर फ्रान्सचे एअरबस 330 अटलांटिकवर होते. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचला, ऑटोपायलट सुटला आणि विमान अचानक माणसाच्या हाती आले. त्या हाताने नाक वर खेचले आणि बराच वेळ वरच धरून ठेवले. स्टॉलचा इशारा ओरडत राहिला. साडेचार मिनिटांच्या आत 228 माणसे समुद्रात गेली. इतक्या उंचीवर हाताने विमान सांभाळण्याचे शिक्षण त्या सहवैमानिकांना मिळालेलेच नव्हते. मिळणार तरी कुठे? 29,000 फुटांच्या वर विमाने हजार हजार फुटांच्या अंतराने उडतात, म्हणून तिथे उंची ऑटोपायलटनेच राखायची असा नियम आहे.

आपल्याकडे हाफिज वर्षभर दौर करतो. केला नाही तर तरावीहमध्ये अडखळतो, हे गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक असते. तीस पारे पाठ करून सनद मिळाली, आता आठवण आपोआप राहील, असे कोणी म्हणत नाही. पायलटला मात्र लायसन दिले, उड्डाणानंतर थोड्याच वेळात ऑटोपायलट लावायची सवय लावली आणि अधूनमधून सिम्युलेटरमध्ये बसवले की झाले! जानेवारी 2013 मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनानेच कंपन्यांना कळवले, जमेल तिथे वैमानिकांना हाताने उडवू द्या. सक्ती नव्हे, सूचना. त्याच जुलैत सॅन फ्रान्सिस्कोला निरभ्र दिवशी एशियानाचे 777 वेग गमावून धावपट्टीच्या अलीकडे आदळले, तिघे गेले.

आता लांबच्या प्रवासात काही काळ कॉकपिटमध्ये एकच वैमानिक ठेवावा, अशी चर्चा कंपन्यांच्या वर्तुळात झाली आहे. तरावीहमध्ये इमाम चुकला तर मागचा हाफिज लुकमा देतो. इथे लुकमा देणाराच घरी पाठवायचा! लायन एअरचे तेच विमान अपघाताच्या आदल्या रात्री याच दुखण्यातून वाचले होते. तेव्हा कॉकपिटमध्ये तिसरा पायलट बसलेला होता.

मथळा छापणाऱ्यांनी खुशाल छापावा. त्याखाली मेलेल्या वैमानिकाला कंपनीने वर्षभरात किती तास हाताने विमान उडवू दिले होते, तो आकडाही छापावा.