मासिक रचण्यापासून मिळणारें शिक्षण

विद्यार्थ्यांच्या हातीं कात्री, रंग किंवा संगणक देऊन त्यांजकडून एखादें मासिक तयार करवून घ्यावें, असें कोणीं सुचविलें कीं पुष्कळ पालकांच्या कपाळास आठी पडते. गणित, इतिहास, भाषा हे विषय बाजूस सारून मुलांनीं हे उद्योग कां करावे, असा त्यांचा प्रश्न असतो. त्यांत तें मासिक संगीताचें, आणि संगीतहि तरुणांच्या आवडीचें, असें कळलें म्हणजे मग बोलावयासच नको. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर देणें हें आम्हां शिक्षकांचें कामच आहे. तें देतांना आम्ही एका प्रत्यक्ष अभ्यासक्रमाची हकीकत वाचकांपुढें ठेवूं इच्छितों.

ब्रिटनमध्यें सोळा-सतरा वर्षांच्या विद्यार्थ्यांस ‘मीडिया स्टडीज’, म्हणजे वृत्तपत्रें, चित्रपट, नभोवाणी, दूरचित्रवाणी इत्यादि प्रसारमाध्यमांचा अभ्यास, हा विषय घेतां येतो. तेथील ओ. सी. आर. नांवाच्या परीक्षामंडळानें २००८ सालीं ह्या विषयाचा जो अभ्यासक्रम सुरू केला, त्यांत छापील माध्यम निवडणाऱ्या विद्यार्थ्यास एक प्रत्यक्ष काम करावें लागे. प्रथम त्यानें आपल्या शाळेच्या मासिकाचें मुखपृष्ठ व अनुक्रमणिका तयार करावयाची. हा केवळ हात बसण्यापुरता पाठ. त्यानंतर एका नव्या संगीत-मासिकाचें मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि समोरासमोरच्या दोन पृष्ठांवरील एक लेख अशी रचना करावयाची. मजकूर व चित्रें सर्व स्वतःचीं हवींत, आणि छायाचित्रें निदान चार हवींत, असा सक्त नियम होता. शंभर गुणांपैकीं पूर्वतयारीस वीस, प्रत्यक्ष रचनेस साठ, आणि शेवटीं विचारलेल्या सात प्रश्नांच्या उत्तरांस वीस गुण असत. २०१७ पासून तेथें नवा अभ्यासक्रम आला. परंतु मधल्या वर्षांत असंख्य मुलांमुलींनीं हें काम केलें. तें मुलांचा खेळ होतें, असें आम्हांस वाटत नाहीं. त्यांतून जें शिक्षण मिळतें तें आजच्या मुलांस अन्नवस्त्राइतकेंच अवश्य आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

पहिला धडा असा, कीं छापलेलें पृष्ठ आकाशांतून पडत नाहीं. तें कोणीतरी मांडलेलें असतें. नुसतें वाचणाऱ्यास हें ऐकून माहीत असतें, परंतु रचणाऱ्यास तें अनुभवानें कळतें. मुखपृष्ठावर नांव केवढ्या अक्षरांत घालावें, चेहरा डावीकडे ठेवावा कीं मध्यभागीं, कोणता मथळा मोठा करावा आणि कोणता वगळावा, ह्यांतील एकहि गोष्ट आपोआप ठरत नाहीं. ज्यानें ही निवड स्वतः केली, तो दुसऱ्याचें पृष्ठ पाहतांना सहजच विचारूं लागतो, “हें येथेंच कां? आणि जें येथें नाहीं, तें कोणीं वगळलें?”

ह्याचें एक मौजेचें उदाहरण संगीत-पत्रांच्या इतिहासांतच आहे. ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’ ह्या लंडनच्या साप्ताहिकानें १४ नोव्हेंबर १९५२ च्या अंकांत, विकल्या गेलेल्या ध्वनिमुद्रिकांच्या खपावरून केलेली ब्रिटनमधील पहिली क्रमवार यादी छापली. अल मार्टिनो ह्या अमेरिकन गायकाच्या गाण्यास तींत पहिला क्रमांक मिळाला. अशी यादी पाहिली कीं साऱ्या देशाचा कौल आपल्यापुढें आहे असें वाटतें. परंतु ती तयार कशी झाली? त्या साप्ताहिकाच्या जाहिरातींचें काम पाहणारे पर्सी डिकिन्स यांनीं सुमारें वीस दुकानदारांस दूरध्वनीवरून विचारणा केली, आणि त्यांनीं सांगितलें त्यावरून हे क्रमांक लागले. यादी खोटी होती असें आम्ही म्हणत नाहीं. मात्र वीस दुकानें कोणतीं, विचारणारा कोण आणि त्याचा हेतु काय, हें ज्यास ठाऊक आहे तो त्या क्रमांकांकडे डोळसपणें पाहील. आज आपल्या मुलांच्या हातांतील दूरध्वनियंत्रावर अशा याद्या घडोघडीं येतात. कोणतें गाणें ‘गाजत’ आहे हें तींच यंत्रें सांगतात, आणि मुलें तें निमूटपणें मानतात. त्यांना हा पहिला धडा कोण देणार?

दुसरा धडा वाचकाचा. मासिक कोणासाठीं, हें ठरविल्यावांचून त्याची एक ओळहि नीट लिहितां येत नाहीं. १९७८ सालीं ब्रिटनमध्यें निघालेलें ‘स्मॅश हिट्स’ कोंवळ्या वयाच्या श्रोत्यांसाठीं होतें. म्हणून त्यांत गाण्यांचे शब्द छापलेले असत आणि चित्रें भडक रंगांचीं असत. १९८१ सालीं निघालेलें ‘केरँग’ गडगडाटी रॉक संगीताच्या चाहत्यांसाठीं. त्याचें नांवच गिटारच्या तारा छेडल्याचा आवाज, आणि त्या नांवाचीं अक्षरें तडकलेल्या कांचेसारखीं. १९९३ सालीं आलेलें ‘मोजो’ मात्र जुन्या ध्वनिमुद्रिका जपून ठेवणाऱ्या प्रौढ रसिकांसाठीं, म्हणून त्यांत लांबलचक लेख. एकाच धंद्यांतील हीं तीन पत्रें एकमेकांपासून इतकीं भिन्न, कारण त्यांचे वाचक भिन्न.

सोळा वर्षांच्या मुलास स्वतःची आवड म्हणजेच जगाची आवड असें वाटत असतें. मासिक रचावयास बसल्यावर त्याला हा समज सोडावा लागतो. आपल्याला आवडलेला टाईप दुसऱ्यास वाचतां येतो कीं नाहीं, आपली थट्टा त्याला कळेल कीं बोचेल, हें त्याला मित्रांस विचारून पाहावें लागतें, आणि उत्तर प्रतिकूल आल्यास रात्रभर खपून केलेलें काम मोडावें लागतें. दुसऱ्याच्या डोळ्यांनीं आपलें काम पाहण्याची ही संवय म्हणजे सौजन्याचाच एक प्रकार आहे. पुढें हा मुलगा वकील होवो, दुकानदार होवो कीं शिक्षक होवो, ती त्याच्या उपयोगीं पडल्यावांचून राहणार नाहीं.

तिसरा धडा सर्वांत नाजूक, आणि तो चित्रांतील माणसाविषयींचा आहे. कॅमेरा डोळ्यांच्या खालीं धरला तर माणूस उंच व दांडगा दिसतो. वरून धरला तर लहान व केविलवाणा दिसतो. अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्को येथें ९ नोव्हेंबर १९६७ रोजीं निघालेल्या ‘रोलिंग स्टोन’च्या पहिल्या अंकावर जॉन लेनन ह्या गायकाचें सैनिकाच्या वेषांतील चित्र होतें. तो वेष एका चित्रपटांतील भूमिकेचा होता. हें ज्यास माहीत नाहीं तो त्या चित्रावरून त्या माणसाविषयीं भलताच तर्क करील. चित्र खरें असूनहि समज खोटा होऊं शकतो, हें यावरून दिसून येतें.

आतां असें समजा, कीं एखादी विद्यार्थिनी आपल्या मैत्रिणीस गायिकेचा वेष देऊन मुखपृष्ठावर बसविते. तिला कसें दाखवावयाचें? हंसरी कीं गर्विष्ठ? हातांत वाद्य देऊन, कीं नुसती नटवून? त्या अभ्यासक्रमांतील सात प्रश्नांपैकीं एक प्रश्न नेमका हाच होता, कीं तुमच्या मासिकांत समाजांतील निरनिराळ्या वर्गांचें चित्रण कसें झालें आहे. मुली केवळ शोभेकरितां कां, खेड्यांतील माणूस केवळ हंशाकरितां कां, असे प्रश्न ज्या विद्यार्थ्यास स्वतःच्या कामाविषयीं पडले, तो दुसऱ्याचें चित्र काढतांना आणि तें लोकांत पसरवितांना दहा वेळां विचार करील. हल्लीं एखाद्या सोबत्याचें विद्रूप केलेलें चित्र क्षणार्धांत शेंकडों हातांत पोंचतें, आणि त्यापायीं कोंवळीं मनें किती होरपळतात हें पालकांस निराळें सांगावयास नको.

चौथा धडा पैशाचा. मासिक कोण छापील, कोण विकील, आणि खर्च कोठून निघेल, हेंहि त्या विद्यार्थ्यांस सांगावें लागे. वर उल्लेखिलेलें ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’ सप्टेंबर २०१५ पासून फुकट वाटलें जाऊं लागलें, आणि मार्च २०१८ मध्यें त्याचा साप्ताहिक छापील अंक बंद झाला. फुकट अंकाचा खर्च जाहिरातदार देतो. आणि जो खर्च देतो त्याच्या मर्जीचा विचार संपादकास करावा लागतो. जी वस्तु आपल्याला फुकट मिळते तिची किंमत कोणीतरी कोणत्या तरी रूपानें देत असतो, हें व्यवहारज्ञान मुलांस जितकें लवकर होईल तितकें बरें.

ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो आम्ही टाळूं इच्छीत नाहीं. असल्या कामानें मुलें केवळ बाजारी मासिकांची नक्कल शिकतील, आणि लोकांस भुरळ घालण्याच्या कलेंत तरबेज होतील, असें म्हणतां येईल. ही भीति निराधार नाहीं. सुरी भाजी चिरते तशी बोटहि कापते. परंतु त्या अभ्यासक्रमांतील दोन नियमांनीं ह्या भीतीस बराच आळा बसे. एक, मजकूर व चित्रें स्वतःचीं असावींत. त्यामुळें उसनवारीस वाव नाहीं. दुसरा, आपण प्रत्येक गोष्ट कां केली ह्याचा जबाब द्यावा. त्यामुळें आंधळेपणास वाव नाहीं. हे दोन नियम काढून टाकले तर राहील ती नुसती कारागिरी, आणि मग पालकांच्या तक्रारीस आम्हीहि दुजोरा देऊं. नियम पाळले तर तेंच काम विवेकाचें शिक्षण होतें.

सात प्रश्नांपैकीं शेवटचा प्रश्न आम्हांस विशेष आवडतो. शाळेच्या मासिकाच्या पहिल्या पाठाकडे मागें वळून पाहा, आणि तेथून येथवर येतांना काय शिकलां तें सांगा, असा त्याचा आशय होता. पहिल्या पाठांत पांच प्रकारचे टाईप, सात रंग आणि कडेला समास नाहींच, असें असतें. शेवटच्या कामांत दोन टाईप पुरतात, आणि मोकळी जागा सोडण्याचें धैर्य येतें. आपली प्रगति आपणच मोजावी, हें परीक्षेंत सहसा कोणी विचारीत नाहीं.

आपल्याकडे हें करावयास परदेशी अभ्यासक्रमाची वाट पाहावयास नको. मराठी मुलुखास संगीताच्या मासिकाची ओळख नाहीं असेंहि नाहीं. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचें ‘संगीत कला विहार’ हें मासिक १९४७ सालींच सुरू झालें. आपल्या गांवांत भजनी मंडळें आहेत, बँडवाले आहेत, पेटी दुरुस्त करणारे व तबल्यास शाई भरणारे कारागीर आहेत. त्यांच्याकडे जाऊन चार प्रश्न विचारावे, त्यांची परवानगी घेऊन छायाचित्र काढावें, आणि एका मोठ्या कागदाची घडी घालून चार पृष्ठांचें मासिक रचावें. संगणक असला तर उत्तम. नसला तर पट्टी, पेन्सिल आणि डिंक पुरेसे आहेत. ह्या वार्षिकांतील निदान चार पृष्ठांची मांडणी येत्या वर्षीं विद्यार्थ्यांकडे सोंपवावी, आणि त्यांनीं केलेल्या निवडीचीं कारणें त्यांजकडून लिहून घ्यावींत, अशी आमची सूचना आहे.

पालकांस आमची विनंती एवढीच, कीं मुलगा किंवा मुलगी अशा कामांत गढलेली दिसली तर रागावण्यापूर्वीं जवळ बसून एक प्रश्न विचारावा, “हें असें कां मांडलेंस?” उत्तर येत असेल तर अभ्यास चालू आहे असें खुशाल समजावें. आणि विद्यार्थिमित्रहो, उत्तर येत नसेल, तर तें पृष्ठ अजून पुरें झालेलें नाहीं असें तुम्हीं समजावें, आणि पुन्हां कामास लागावें.