मेगाहर्ट्‌झबरोबर वॅटही सांगा

ग्राफिक्स कार्ड निर्मात्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने चालवणे, म्हणजेच ओव्हरक्लॉकिंग, हे आता सॉफ्टवेअरमधील एक पट्टी सरकवण्याइतके सोपे झाले असल्याने त्यामागचा विजेचा हिशेब ग्राहकाला सांगायचे बहुधा राहून जाते. आणि उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या भंडारा जिल्ह्यात ते राहून जाणे ग्राहकाला महागात पडते.

चिपमधील ट्रान्झिस्टरांची उघडझाप सेकंदाला जितक्या वेळा होते ती वारंवारता, आणि ज्या विद्युतदाबाने होते ते व्होल्टेज. खर्च होणारी वीज वारंवारतेच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या पटीत. वारंवारता १० टक्के वाढवली आणि संगणक मध्येच बंद पडू नये म्हणून व्होल्टेज ५ टक्के चढवले, तर १.१० गुणिले १.०५ चा वर्ग, म्हणजे सुमारे १.२१ पट वीज लागते, आणि २०० वॅटचे कार्ड २४२ वॅटवर जाते. लग्नाच्या व्हिडिओचे रेंडर मात्र जेमतेम ९ टक्के लवकर संपते, तेही मेमरी व प्रोसेसर आडवे आले नाहीत तर. म्हणजे त्याच कामाला एकूण वीज १० टक्के अधिकच लागते. संगणकाच्या वीजपुरवठा संचातील (एसएमपीएस) घट धरता भिंतीवरच्या सॉकेटमधून सुमारे ४९ वॅट जादा खेचले जातात, आणि रोज आठ तास काम असेल तर महिन्याला जवळपास १२ युनिट वाढतात. महावितरणच्या घरगुती आकारणीत १०० आणि ३०० युनिटांनंतर दर चढतो, त्यामुळे त्या सीमेवर असलेल्या घराला हे १२ युनिट वरच्या दराने पडतात.

उष्णतेचा भाग याहून गंभीर आहे. कार्डाचे तापमान खोलीच्या तापमानावर चढत जाते, म्हणून २५ अंशांच्या खोलीत ७० अंशांवर राहणारे कार्ड ४० अंशांच्या खोलीत ८५ च्या घरात पोहोचते. तापलेल्या सिलिकॉनमधून काम न करता वाहून जाणारा गळतीचा प्रवाह वाढतो आणि अखेरीस कार्ड स्वतःच वेग उतरवते. राईस मिलजवळच्या दुकानातील कार्डाचा पंखा उतरवला, तर हीटसिंकच्या पात्यांमध्ये धूळ आणि धानाच्या तुसाचा थर नमद्यासारखा दाबून बसलेला सापडतो. त्या थरावर व्होल्टेज चढवणे म्हणजे उष्णता विकत घेणे होय, वेग नव्हे.

जोडण्यांची मर्यादाही विसरता येत नाही. मदरबोर्डचा स्लॉट ७५ वॅट आणि आठ पिनांची एक जोडणी १५० वॅट देण्यासाठी आखलेली आहे. दोन्ही मिळून २२५ वॅट होतात, आणि वरच्या उदाहरणातील कार्डाला अशी एकच जोडणी असेल, तर त्याने ती रेषा ओलांडलेली आहे.

याउलट, वेग मूळचाच ठेवून व्होल्टेज १० टक्के उतरवता आले, तर चिपची उघडझापीची वीज १९ टक्के कमी होते. विदर्भातील उन्हाळ्यासाठी प्रथम हाच उपाय करून पाहावा, असे या मासिकाचे स्पष्ट मत आहे. प्रत्येक चिप वेगळी असल्याने व्होल्टेज थोडेथोडे उतरवावे, प्रत्येक पायरीवर तासभर प्रत्यक्ष रेंडर चालवून पाहावे, आणि पावतीवर आधीचे वॅट, नंतरचे वॅट व त्या वेळचे खोलीचे तापमान लिहून द्यावे. जानेवारीत जुळवलेले कार्ड मे महिन्यात तक्रार घेऊन परत आले, की सर्वांत आधी हेच आकडे शोधावे लागतात.