ईदीच्या पैशांतला टॅब

धुळ्याच्या एका भगिनीने विचारले आहे : मुलगी आठवीत, उर्दू माध्यमात. आयपॅड झेपत नाही. ईदीच्या पैशांत स्वस्तातला टॅब घ्यावा का?

2011 साली 5 ऑक्टोबरला केंद्र सरकारने विद्यार्थ्यांसाठी ‘आकाश’ टॅब आणला. किंमत अडीच हजारांच्या आत! पण पडदा बोटाने दाबावा लागे, मेमरी अवघी 256 एमबी. तो मागे पडला. म्हणाल, स्वस्त होता म्हणून. तसे नाही. त्याच वर्षी एचपी या बड्या कंपनीचा टचपॅड आयपॅडच्याच किमतीला, 499 डॉलरला आला आणि सात आठवड्यांत बंद झाला. यंत्र वाईट नव्हते, त्यावर चालणारी ॲप्स फार थोडी होती. गिऱ्हाईक नाही म्हणून ॲप नाही, ॲप नाही म्हणून गिऱ्हाईक नाही. तोच टॅब 99 डॉलरला काढताच लोक तुटून पडले, ही गंमत वेगळीच.

आज अँड्रॉइडवर ॲप्सची ददात नाही. तरी दुकानातच बालभारतीचे उर्दू पुस्तक पीडीएफमध्ये उघडा. पाने अडखळली, अक्षर वाचवेना, तर परत ठेवा. अपडेट किती वर्षे मिळतील, बिघडला तर दुरुस्ती जळगाव-धुळ्यात होते की मुंबईला पाठवावा लागतो, तेही विचारा. उत्तर गुळमुळीत आले तर बकरी ईदपर्यंत थांबा. छापील पुस्तके मुलीच्या दप्तरात आहेतच.