पिशवी की कणगी?

"घेतोयस तर मोठाच घे, पुरून उरेल." आपल्याकडे हे वाक्य शाळेच्या बुटांपासून फ्रीजपर्यंत सगळ्याला लागू पडतं. हल्ली पेनड्राइव्हलाही. गावाला जाताना सिनेमे भरून न्यायचेत म्हटलं की प्रत्येक घरातला एक जाणकार काका हेच सांगतो. मी या सल्ल्याच्या ठाम विरोधात आहे. नात्यातल्या निम्म्या मंडळींना हे पटणार नाही हे माहीत आहे, तरी लिहितोच!

शहरात बसून काही जण म्हणतील, आता पेनड्राइव्ह कोण वापरतं? त्यांनी एकदा सातारा रस्त्याने निघावं. नसरापूरला वळलं की वेल्हे (त्याला आता राजगड तालुका म्हणायचं), पुढे कापूरहोळला वळलं की भोर. तोरण्याच्या मागच्या खोऱ्यात किंवा वरंधा घाटाकडच्या वाड्यांमध्ये मोबाइलची रेंज शोधत कातळावर चढावं लागतं. तिथे यात्रेला, गणपतीला घर भरलं की सिनेमा खिशातून जातो आणि टीव्हीच्या मागे खोचला जातो.

तर काकांचं गणित तपासू.

चार दिवसांचा मुक्काम. दिवसाला दोन सिनेमे म्हणजे डोक्यावरून पाणी, म्हणजे झाले आठ. ७२० पिक्सेलचा सिनेमा साधारण एक ते दीड जीबीचा. म्हणजे १२ जीबी. ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर (विंडोज त्याला २९.८ दाखवतं, चोरी नाही, मोजायची पद्धत वेगळी) असे वीस सिनेमे सहज बसतात. वीस सिनेमे सलग बघायचे तर पन्नास तास लागतील. लाइट तेवढी राहते का, हा वेगळा प्रश्न. :)

मग १२८ कशाला? "असू दे" म्हणून. पण या "असू दे"ची किंमत असते. स्वस्तातला यूएसबी २.० ड्राइव्ह सेकंदाला पाच-दहा एमबीच लिहितो. दहा धरले तरी १२८ जीबी भरायला साडेतीन तास. शिवाय ३२ जीबीपर्यंतचे ड्राइव्ह बहुधा फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले येतात आणि गावाकडचा जुना टीव्ही तेच ओळखतो. मोठे येतात एक्सफॅटमध्ये. ते लावले की तो टीव्ही चक्क "काही नाही" म्हणतो. फॅट३२ची अडचण एकच, चार जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही, जागा कितीही मोकळी असली तरी. बत्तीस इंची टीव्हीला एवढी मोठी फाइल लागतच नाही.

आता त्या "२ टीबी फक्त ४९९"वाल्यांबद्दल. आत चिप असते १६ किंवा ३२ जीबीची. कंट्रोलरला मात्र खोटं बोलायला शिकवलेलं असतं. पहिले काही सिनेमे झकास चालतात. पुढचे कॉपी झाल्यासारखे दिसतात, नाव दिसतं, साइज दिसते, आत काही नसतं. सिनेमा गेला तर परत मिळेल. पण त्याच ड्राइव्हवर घरातलं लग्न असेल तर?

माझं खरं भांडण आहे ते इथे. आता लग्नाचा व्हिडिओ फोटोग्राफर पेनड्राइव्हवर देतो. तो ड्राइव्ह देवघराच्या खणात किंवा कपाटात दागिन्यांच्या डब्यात जातो, आणि घर निश्चिंत होतं. त्यात आजी असते. पंगतीत वाढणारे, आता नसलेले काका असतात. मग कोणीतरी "जागा आहे की भरपूर!" म्हणत त्यावरच सिनेमे भरतं. मोठ्या पेनड्राइव्हचा हा खरा दोष. जागा दिसली की सगळं एकाच ठिकाणी कोंबलं जातं. तो हरवला, पाण्यात पडला, दुसऱ्याच्या लॅपटॉपवर फॉरमॅट झाला, की सगळंच गेलं. शिवाय चिपमधली माहिती म्हणजे साठवलेला विद्युतभार. वर्षानुवर्षं ड्राइव्ह नुसता पडून राहिला तर तो हळूहळू झिरपतो.

एकाच ठिकाणी ठेवल्याने काय होतं ते पुण्याने पाहिलंय. जानेवारी २००३ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातसकट कितीतरी जुन्या चित्रपटांची रिळं जळाली. ज्यांच्या प्रती दुसरीकडे होत्या ते वाचले. १९३१च्या 'आलम आरा'ची तर एकही प्रत आज हाती नाही. जिथे जपणं हेच काम, तिथे ही गत. आपल्या खणाचं काय घेऊन बसलात!

"मग क्लाउडवर टाक" असं पुण्यातली भाचरं म्हणतील. रोजच्या दोन जीबीच्या पॅकवर ६० जीबी चढवायला महिना लागेल, तोही कातळावर बसून.

"दोन घेतले तर दोन्ही हरवतील" असंही कोणी म्हणेल. हरवू देत की एक! दोन ठिकाणी ठेवलेल्या वस्तू एकाच दिवशी हरवत नाहीत.

भोर-वेल्ह्याच्या भातवाल्या घरांना हे मी शिकवायला नको. बाजारात न्यायची ती पिशवी, वर्षाचं भात ठेवायची ती कणगी. पिशवीला कोणी कणगी समजत नाही. पेनड्राइव्ह ही पिशवी आहे. बघायच्या सिनेमांना ३२ जीबीचा, ओळखीच्या दुकानातून, बिलासकट. लग्नाची, बारशाची, आजीची चित्रफीत मात्र दोन वेगळ्या जागी: एक प्रत गावाच्या घरी, दुसरी पुण्यात हार्डडिस्कवर. आणि वर्षातून एकदा दोन्ही लावून बघायच्या. दिवाळीला फराळ झाल्यावर बघा, आजीलाही बरं वाटेल.

काकांनो, रागावा खुशाल. पण आज खण उघडून तेवढी एक प्रत करा.